नाल्यात सोडलेल्या लाह्या

त्या बैठकीला खरं तर मी जायचंच नव्हतं. आमच्या कंपनीतले सुरक्षा विभागाचे साहेब जाणार होते, पण नेमकी त्याच दिवशी बाहेरून तपासणीची माणसं यायची ठरली. आदल्या संध्याकाळी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की उद्या तालुक्याला सरकारी बैठक आहे, विषय तेलगळती, तुम्ही जाऊन बसा, सही करा, चहा घ्या आणि देतील ते कागद घेऊन या.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत केमिस्ट आहे. केमिस्ट म्हटलं की लोकांना पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या आठवतात. माझं काम कंपनीच्या मागच्या कुंपणाला लागून असलेल्या सांडपाण्याच्या टाक्यांपाशी चालतं. यंत्रांवर वापरलेलं तेल, धुण्याचं पाणी, साबण, सगळं तिथं येतं. त्यातलं तेल निघालं का, पाणी बाहेर सोडण्याजोगं झालं का, हे मी बघते. एकोणीस वर्षं तेल आणि पाणी एकमेकांपासून सोडवण्यात गेली. त्यामुळे तेलगळती म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे समुद्रातलं जहाज आलं नाही. आमच्या टाकीवर धरते ती रंगीबेरंगी साय आली.

बैठकीला चाळीसेक माणसं होती. कंपन्यांचे सुरक्षावाले, अग्निशमनचे दोघं, नदीकाठच्या ग्रामपंचायतींचे लोक. समोर एक अधिकारी बाई, वयानं माझ्याहून दहा वर्षं तरी लहान, नुकत्याच बदलून आलेल्या. प्रत्येकाला एक जाडजूड आराखडा दिला होता: औद्योगिक पट्ट्यात तेल सांडलं तर कुणी काय करायचं याचा. कुण्या सल्लागार संस्थेनं तो तयार केला होता. आता त्यावर सूचना घेऊन तो मंजूर करायचा होता.

भाषणं चालू होती. बाकीचे फोनमध्ये डोकं घालून बसले होते. माझ्या फोनची बॅटरी संपत आली होती म्हणून मी आराखडाच वाचायला घेतला. आणि मध्यावर कुठंतरी वाक्य आलं, की गळतीच्या वेळी भरती आहे की ओहोटी हे प्रथम तपासावे. मी ते पुन्हा वाचलं. पुढं किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांना होड्या ओढून घ्यायला सांगावे, असंही होतं. हा आराखडा कुठल्या तरी समुद्रकाठच्या जिल्ह्याचा होता आणि वरची गावाची नावं बदलून आमच्या पुढ्यात आला होता.

मला हसू आलं, आणि तेवढ्यात मॅडमनी विचारलं, की कुणाला काही सूचना करायची आहे का. आयुष्यात सरकारी बैठकीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. हात वर गेला तो माझा मलाच कळला नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "पान चौसष्ट. आपल्याकडे भरती येत नाही."

सगळं सभागृह हसलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पान काढलं, वाचलं, फाइल मिटली आणि मला विचारलं, "मग आपल्याकडे काय होतं? हायवेवर तेलाचा टँकर उलटला, तर तेल कुठं जाईल आणि किती वेळात जाईल?"

मी उभीच होते. म्हटलं, "ते मला माहीत नाही."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "शोधून काढू. तुमचा नंबर देऊन जा, ताई."

बसनं निगडीला घरी येईपर्यंत मी तो आराखडा पुरा वाचून काढला होता. मिस्टर पिंपरीच्या एका कंपनीत आहेत, त्या आठवड्यात त्यांची फर्स्ट शिफ्ट होती म्हणून घरीच होते. मी चपला काढता काढता त्यांना भरती-ओहोटी सांगायला लागले. ते म्हणाले, की एवढी खूश होऊन तू शेवटची कधी आली होतीस ते मला आठवत नाही. मलाही आठवत नव्हतं.

दोनच दिवसांनी मॅडमनी खरंच फोन केला. रविवारी नाला पायी बघायचा म्हणाल्या. सकाळी आठला हायवेच्या मोरीपाशी त्या आल्या तेव्हा त्यांच्या पायात बूट होते आणि सोबत शिपाई वगैरे कुणी नव्हतं. पंचायतीनं वाट दाखवायला एक म्हातारे गृहस्थ पाठवले होते. नदीकाठच्या त्यांच्या गावाला पाणी उपसणारी पंपाची विहीर आहे, तिला सगळे जॅकवेल म्हणतात. तो पंप चालू-बंद करायचं काम तीस वर्षं तेच करत होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून आम्हीही आबाच म्हणायला लागलो.

नकाशावर गोष्ट सोपी होती. कारखान्यांच्या मागून निघालेला नाला हायवेखालच्या मोरीतून येतो, शेतांच्या कडेनं जातो आणि इंद्रायणीला मिळतो. मिळतो तो जॅकवेलच्या खालच्या अंगाला. म्हणजे नाल्यात तेल आलं तरी गावाचं पिण्याचं पाणी त्याच्या वर, सुरक्षित. आराखड्यात तसं ठसठशीत लिहिलं होतं. तेल अडवायची जागाही ठरवली होती: नाल्याचं तोंड, नदीच्या अगदी कडेला.

आम्ही चालत निघालो. निम्म्या वाटेपर्यंत नाला दिसत होता, मग नवा रस्ता लागला, रस्त्यापलीकडे गोदामांच्या उंच भिंती, आणि नाला त्या भिंतींच्या मागं गेला. आम्हाला मोठा वळसा घालावा लागला. पलीकडे नाला पुन्हा भेटला तेव्हा मॅडम म्हणाल्या, की पाणी थोडं कमी वाटतंय का? मलाही वाटलं होतं, पण मी म्हटलं, पात्र रुंद झालंय म्हणून तसं दिसत असेल.

आबा तोवर फार बोलले नव्हते. तिथं थांबून ते म्हणाले, "आमच्या पान्याला उन्हाळ्यात वास येतो."

मॅडमनी विचारलं, कसला वास. ग्यारेजात येतो तसला, ते म्हणाले. पाच वर्षं ते सांगत होते. पण पाणी तपासायला माणूस येईपर्यंत वास गेलेला असायचा, आणि नाला तर खालच्या अंगाला मिळतो, मग वास येईलच कसा, असं सगळे त्यांनाच विचारायचे. सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. सवय झाल्यासारखे सांगत होते.

आता प्रश्न होता, की खरं तेल न सांडता तेलाची वाट कशी शोधायची. मॅडमनी अग्निशमनच्या दोघांना विचारलं, ते म्हणाले, रंग टाकू. मॅडमनी नको म्हटलं. नदीला लाल पाणी आलं तर गावोगावी घबराट होईल, शिवाय रंग पाण्यात मिसळतो आणि तेल वर तरंगतं. वर तरंगणारं, कुणाला अपाय न करणारं, आणि दुरून दिसणारं काहीतरी पाहिजे. हे शोधायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं.

त्या आठवड्यात आमच्या घरी बाल्कनीत चार बादल्या मांडलेल्या होत्या. एकीत लाकडाचा भुसा, एकीत चुरमुरे, एकीत भाताचा तूस, एकीत ज्वारीच्या लाह्या. मी काठीनं पाणी ढवळायचे आणि मिस्टर फोनवर वेळ लावून खुर्चीत बसायचे. दोघांनी मिळून असं काही करून किती वर्षं झाली होती देव जाणे. भुसा भिजून तळाला गेला. तूस निम्मा वर, निम्मा खाली. मी आत पोळ्या करत होते तेव्हा बाहेरून त्यांचा आवाज आला, "चुरमुरे गेले गं. लाह्या अजून पोहायल्यात बघ." ते लातूरकडचे, घाईत असले की तिकडचंच बोलतात. मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. तीन तास झाले होते, आणि पांढऱ्या लाह्या बादलीच्या काठाला गोल धरून बसल्या होत्या, अगदी तेल बसतं तशा.

दुसऱ्या दिवशी कंपनीत साहेबांची परवानगी काढून मी आतल्या बंद चरात, जिथलं पाणी बाहेर जातच नाही, वापरलेल्या तेलाचे चार थेंब आणि मूठभर लाह्या एकाच वेळी सोडल्या. चराच्या कडेनं मी त्यांच्याबरोबर चालत गेले. तेल आणि लाह्या बरोबरीनं टाकीत पोचले. मी मॅडमना फोन केला तेव्हा माझा आवाज इतका चढला होता, की पलीकडे पंप चालवणारा ऑपरेटर काय झालं म्हणून धावत आला.

चिंचवड गावठाणातल्या भडभुंज्याकडे मी पाच पोती ज्वारीच्या लाह्या सांगितल्या. नागपंचमी कधीच होऊन गेली होती. त्यानं विचारलं, घरी मोठं कार्य आहे का. मी खरं ते सांगितलं, की नाल्यात सोडायच्या आहेत, तेल कुठं जातं ते बघायला. त्यानं भट्टीवरचं लक्ष काढून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, की मग मीठ-हळद न लावलेल्या देतो आणि पोत्याला आतून प्लॅस्टिक लावतो, दमट हवेनं आधीच बसायला नकोत. एवढंच. जणू सरकारकडून असली ऑर्डर त्याला रोज येत होती.

राहिला तेल अडवायचा प्रश्न. समुद्रावर तेल अडवायला तरंगते पट्टे असतात, तसले आमच्या भागात नव्हते, आणि मागवले तर यायला दिवस गेला असता. मॅडम काळजीत होत्या. मला कुदळवाडीचे चाचा आठवले. ते आमच्या कंपनीतले रिकामे ड्रम नेतात, धुऊन विकतात, वीस वर्षांचा संबंध. त्यांना मी फोनवर सगळं समजावून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे तेल वरून अडलं पाहिजे आणि पाणी खालून गेलं पाहिजे, असंच ना?" असंच, मी म्हटलं. दोन दिवसांनी त्यांच्या दुकानापुढं निळ्या ड्रमांची माळ पडलेली होती. झाकणं पक्की बसवलेले ड्रम दोरखंडानं एकाला एक बांधले होते आणि खाली ताडपत्रीचा पडदा, पडदा वर येऊ नये म्हणून त्याच्या कडेला साखळी शिवलेली. मॅडमनी ते बघून त्यांना आराखड्यातलं चित्र दाखवलं. चाचा म्हणाले, की हे तर आपल्यासारखंच आहे, फक्त रंग वेगळा.

खोटी गळती घडवून बघायच्या सरावाचा दिवस थंडीतला होता. सकाळी धुकं जरा विरळ झाल्यावर सगळे आपापल्या जागी गेले. मॅडम आणि मी हायवेच्या मोरीपाशी. अग्निशमनचे दोघं नव्या रस्त्यापलीकडे, जिथं नाला भिंतींमागून बाहेर येतो तिथल्या छोट्या पुलावर. चाचा आणि पंचायतीची माणसं नाल्याच्या तोंडाशी, ड्रमांची माळ दोन्ही काठांना बांधून. जॅकवेल सरावात धरलेलीच नव्हती. सकाळच्या पाण्याच्या वेळी आबांना पंप सोडून येता येत नव्हतं, म्हणून मी त्यांना सांगून ठेवलं होतं, की तुम्ही आपलं काम करा, पण नदीवर नजर असू द्या.

आठ वाजून वीस मिनिटांनी आम्ही चार पोती ओतली. एक पोतं मी मागं ठेवलं होतं, लागलं तर असावं म्हणून. काळ्या पाण्यावर पांढरा पट्टा पसरला आणि चालायला लागला. मी काठानं त्याच्याबरोबर अक्षरशः धावत होते. सत्तेचाळीस वर्षांची बाई, पंजाबी ड्रेसवर कंपनीचं सुरक्षा जाकीट, हातात वही. नव्या रस्त्यापाशी पट्टा भिंतींमागं शिरला. तिथं आधीच आणून ठेवलेली स्कूटर मी काढली आणि पुलावर गेले.

पुलाखाली लाह्या आल्या, पण किती? मोजून एक पातेलं भरेल एवढ्या. अग्निशमनचे म्हणाले, मागच्या येत असतील. आम्ही थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तुरळक येत होत्या. चार पोत्यांचं काय झालं? नाल्याच्या तोंडाशी चाचांना फोन लावला, तिथं अजून काहीच नव्हतं. वाटलं, कुठंतरी अडकल्या, दिवस फुकट गेला, आणि चाळीस माणसांदेखत भरती येत नाही म्हणणारी मी आता काय सांगणार?

तेवढ्यात फोन वाजला. आबा होते.

"बाई, हितं पंपापाशी लाह्या आल्यात."

मी म्हटलं, आबा, दुसरं काही असेल, फेस असेल. नाला तुमच्या खालच्या अंगाला आहे.

"मला लाह्या वळकू येत न्हाईत व्हय?" ते म्हणाले. "जाळीला पांढऱ्या शिप्पट बसल्यात. या बघाया."

मॅडमची जीप पुलावर येईपर्यंत मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात हलवत होते. गाडीत मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. जॅकवेलपाशी उतरलो आणि काठावर जाऊन खाली बघितलं. विहिरीत पाणी घेणाऱ्या लोखंडी जाळीभोवती लाह्यांची जाड पांढरी झालर गोल फिरत होती. वरच्या अंगानं आणखी येत होत्या. वहीत मी वेळ लिहिली: लाह्या सोडल्यापासून पाऊण तास. आराखड्यानं जिथं तेल कधीच येणार नाही म्हटलं होतं, तिथं पाऊण तासात.

मग माझ्या लक्षात आलं, की सगळं फार शांत आहे. पंपाचा आवाज येत नव्हता.

मॅडमनीही तेच विचारलं. आबा म्हणाले, की बंद केला, लाह्या दिसल्या तसा लगेच. मॅडम म्हणाल्या, पण आबा, हा सराव आहे हे तुम्हाला माहीत होतं ना, लाह्यांनी पाणी खराब होत नाही.

"माहीत हुतं की," आबा म्हणाले. "पर त्येल असतं तर? आधी बंद, मग इचार."

मॅडमनी विचारलं, वासाचं तुम्ही पाच वर्षं कुणाकुणाला सांगितलं. आबांनी सांगितलं, सगळ्यांना. लोक म्हणायचे, आबाचं नाक म्हातारं झालं. हे सांगताना मात्र ते हसले. त्यांचे डोळे भरून आले होते की धुक्यामुळे तसं दिसत होतं, ते मी नीट बघितलं नाही. माझेच भरले होते.

आता लाह्या आल्या कुठून, हे शोधायचं होतं. ते सोपं झालं होतं, कारण वाटेत प्रत्येक गवताच्या काडीला, प्रत्येक दगडाला दोन-चार लाह्या चिकटल्या होत्या. आम्ही नदीच्या काठानं वर गेलो, तर एक कोरडा समजला जाणारा ओढा लागला. नकाशावर तो तुटक रेषेनं दाखवला होता, म्हणजे फक्त पावसाळ्यात वाहणारा. त्यात घोट्याएवढं पाणी होतं आणि पाण्यावर लाह्या होत्या. मी पुढं, मॅडम मागं, त्यांच्या मागं पंचायतीची माणसं. सगळे लहान मुलांसारखे जमिनीकडे बघत चाललेले. कुणाला लाही दिसली की तो नुसतं बोट दाखवायचा आणि सगळे तिकडे वळायचे.

ओढा नव्या रस्त्याच्या खाली जाऊन थांबला. बाभळीच्या जाळीत, माणूस वाकून शिरेल एवढा सिमेंटचा पाइप होता. त्याच्या तोंडातून आमच्या डोळ्यांदेखत लाह्या बाहेर येत होत्या. रस्ता बांधताना पाणी तुंबू नये म्हणून कुणीतरी तो टाकला असणार. भिंतींच्या मागं नाल्याचं पात्र गाळानं उंच झालं, तसं पाणी सोपी वाट धरून पाइपात शिरायला लागलं असणार. नकाशावर पाइप नव्हता. कुणाच्याच नकाशावर नव्हता. मी त्या बाभळीत उभी होते, ओढणी काट्यात अडकलेली, आणि मला इतका आनंद झाला होता, की मी मॅडमचा हात धरून जोरजोरात हलवत होते. त्या सरकारी अधिकारी आहेत, हे मला नंतर आठवलं.

सराव तिथं संपवता आला असता. पण मॅडम म्हणाल्या, की आता तेल अडवायचं कुठं, हे आजच ठरवू, माणसं जमलेली आहेत. दोन फाटे फुटायच्या आधी अडवायला हवं होतं, म्हणजे हायवेच्या मोरीपासून थोडंच खाली. चाचांनी माळ सोडली, टेम्पोत भरली आणि तासाभरात नव्या जागी आणली. आबा आता पंप पुतण्याच्या ताब्यात देऊन आमच्याबरोबर आले होते.

माळ नाल्यावर सरळ आडवी बांधली. मी राखून ठेवलेल्या पोत्यातल्या अर्ध्या लाह्या सोडल्या. त्या आल्या, ड्रमांना थटल्या, क्षणभर थांबल्या, आणि मग मधोमध, जिथं पाण्याला ओढ होती तिथं, बुडी मारून पडद्याखालून पलीकडे गेल्या. चाचांचा चेहरा उतरला. पडदा अजून खोल करतो म्हणाले.

आबा काठावर उकिडवे बसून बघत होते. "त्याला आडवा नका धरू," ते म्हणाले. "तिरपा धरा. पानी आडवलं की खाली दबतं. वाट दावली की कडंला जातं."

चाचांनी एका काठाची दोरी सोडली, वीस पावलं खाली नेऊन बांधली. माळ आता तिरकी झाली. उरलेल्या लाह्या मी सोडल्या, आणि या वेळी काठानं धावले नाही, जागेवरूनच बघत राहिले. लाह्या ड्रमांना लागल्या आणि ड्रमांच्या कडेकडेनं घसरत, रांगेनं गेल्यासारख्या, खालच्या काठाशी येऊन जमल्या. तिथं चाचांचा माणूस बादली घेऊन उभा होता. त्यानं सहज बादली बुडवली आणि भरून वर काढली. पलीकडे पाण्यावर शोधून चार-पाच लाह्या सापडल्या असतील.

चाचांनी आबांच्या पाठीवर हात ठेवला. अग्निशमनच्या एकानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. नाल्याच्या काठी, त्या वासात.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या सगळ्या संध्याकाळी आराखड्यात गेल्या. जाड फाइल तशीच ठेवून मॅडमनी तिच्यावर एक पान लावायचं ठरवलं, साध्या मराठीत, पंपघरात आणि पंचायतीत भिंतीवर चिकटवता येईल असं. ते लिहायचं काम माझं. पहिल्या ओळीवरून बराच खल झाला. आधीच्या आराखड्यात पहिला फोन जिल्ह्याला, दुसरा तालुक्याला, असं करत गाव सातव्या नंबरवर होतं. मॅडमनी ते खोडलं आणि पहिला फोन पंपावर, असं लिहिलं. पंचायतीच्या सभेत मी ते पान वाचून दाखवलं. मी लिहिलं होतं, पाणी उपसा तात्काळ स्थगित करावा.

आबांनी मधेच विचारलं, "म्हंजी काय?"

"पंप बंद करा," मी म्हटलं.

"मग तसं ल्हिवा ना."

मी तिथंच पेननं दुरुस्त केलं. आबांना अर्थ विचारावा लागेल असा एकही शब्द त्या पानात आता नाही. नाल्याचं पाणी आत शिरू नये म्हणून पाइपाच्या वरच्या तोंडाला लोखंडी खाचेत बसणाऱ्या फळ्या आल्या, आणि त्या उन्हाळ्यात पाण्याला वास आला नाही असं आबांनी फोन करून सांगितलं. त्यांना फोनवर जास्त बोलता येत नाही. एवढंच सांगितलं आणि ठेवला.

परवाची गोष्ट. मी सकाळी कंपनीच्या बसमध्ये होते, तळवड्याच्या चौकात गाडी अडकली होती. फोनवर आम्हा सरावातल्या माणसांच्या गटात मॅडमचा निरोप आला: हायवेच्या मोरीपाशी टँकर उलटला, तेल नाल्यात. सराव हा शब्द कुठंही नव्हता. मी पंपघराचा नंबर लावला, तो लागत नव्हता. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. शेजारच्या सीटवरची बाई विचारत होती, घरी काही झालं का. मी ड्रायव्हरपाशी जाऊन उभी राहिले, जसं काही मी उभी राहिल्यानं सिग्नल लवकर सुटणार होता.

मग गटात आवाजाचा निरोप आला. आबांचा. मागं पंपाची घरघर कमी होत गेल्याचं ऐकू येत होतं. "पंप बंद क्येला. सात बावन." त्याच्या मागोमाग चाचांच्या मुलानं पाठवलेला फोटो आला, टेम्पोत चढवलेली निळी माळ. मग मॅडमनी लिहिलं, की हा न सांगता घेतलेला सराव होता, निरोप गेल्यापासून तीन मिनिटांत पंप बंद झाला आहे, सगळ्यांचे आभार. मी खाली बसले आणि शेजारणीला पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली. कंपनीच्या गेटपर्यंत मी बाभळीपर्यंतच पोचले होते, तर ती म्हणाली, की परत जाताना माझ्याच शेजारी बसा.

आत जाऊन हजेरी लावली आणि आधी आबांना फोन केला. मला त्यांना शाबासकी द्यायची होती. ते वैतागलेले होते. पंप बंद केला की पुन्हा पाणी भरून हवा काढून चालू करायला अर्धा तास जातो, आणि सकाळची वेळ, निम्म्या गावाचे हंडे नळाखाली. बायका पंपघरापाशी येऊन बोलून गेल्या होत्या.

"मॅडमला सांगा," आबा म्हणाले, "पुढल्या टायमाला लोकांचं पानी भरून झाल्यावर करा म्हनावं."

मी म्हटलं, आबा, टँकर उलटायचा असेल तर तो वेळ बघून थोडाच उलटणार आहे?

पलीकडे पंप चालू झाल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजावर आबांना ओरडून बोलावं लागलं.

"ते बी खरं हाय," ते म्हणाले.